सटवाजीचा अडसर

उषाकाकूंच्या घरी पोचलो तेव्हा काकू गच्चीत उन्हाला पाठ देऊन मेथी निवडत होत्या. अनुया खालच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे डोकं धरून बसली होती.

"दादा, हे खुलतच नाहीये. जितक्या वेळा ट्राय केलं, तितक्या वेळा तीच एरर. पेन ड्राइव्ह खराब तर नाही ना झाला?"

मी खुर्ची ओढली. पेन ड्राइव्ह ठीक होता. त्यात गजाननबुवांची आख्यानं होती.

बुवा म्हणजे काकूंचे यजमान, अनुयाचे वडील. जन्मभर रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी केली आणि संध्याकाळी कीर्तनं. मीही रेल्वेतच, टेलिकॉमला, आणि इतकी वर्षं बुवांच्या मागे पेटीवर बसणारा. कीर्तन म्हटलं की मला तहानभूक आठवत नाही. माझी बायको मुग्धा म्हणते, "तुम्हाला देवापेक्षा बुवाच जास्त आवडतात." खोटं नाही ते. देव दिसत नाही. बुवा दिसत, आणि ते दिसत असले की देव कुठे फार लांब असेल असं वाटत नसे.

आख्यानं ते कॉम्प्युटरवर लिहीत आणि गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवीत. प्रोग्रामर लोकांचं हत्यार ते. लिखाणात काय बदललं, केव्हा, कोणाच्या नावानं, सगळं ते जपून ठेवतं. अशा प्रत्येक बदलाला बुवा 'मुक्काम' म्हणत. "एक ओवी बदलली, मुक्काम केला. उद्या पस्तावलो तर मागच्या मुक्कामाला जाता येतं. माणसाला ही सोय नाही बघ, मकरंदा."

गेल्या दत्तजयंतीला बुवा शहराच्या जुन्या तटातल्या खंडेराव गेटजवळच्या आमच्या दत्तमंदिरात कीर्तनाला उभे होते. पूर्वरंग रंगला, बुक्का लागला, हार पडला, आख्यान सुरू झालं. सटवाजी नावाच्या दारवानाचं. इतिहासात हा सटवाजी कुठेच नाही, बुवांनीच त्याला जन्माला घातलेलं. दिवेलागणीला खंडेराव गेटचा दरवाजा लावून त्यामागे लाकडी अडसर सरकवायचा, आणि पहाटेपर्यंत कोणी कितीही हाका मारो, उघडायचं नाही, एवढंच त्याचं काम. एका रात्री बाहेरून आवाज येतो, "उघड रे, मी बाहेर राहिलोय." सटवाजी अडसराला हात घालतो. इथवर आले आणि बुवा हात वर तसाच ठेवून थांबले. आम्हाला वाटलं, रंगवतायत. मग ते सावकाश गादीवर बसले आणि गेले.

आरती झाली नाही. आमच्यात आरती झाल्याशिवाय कीर्तन पुरं होत नाही. काकूंनी त्या दिवसापासून बुवांची चिपळी फडक्यात बांधलेली नाही. देवापुढे उघडीच ठेवली आहे. कोणी विचारलं तर म्हणतात, "कीर्तन चालू आहे अजून. मध्येच कशी बांधू?"

आता पुन्हा दत्तजयंती जवळ आली होती. मंदिराची समिती ग्वाल्हेरहून दुसरे बुवा बोलवायला निघाली होती. अनुया म्हणाली, बाबांचं कीर्तन मी पुरं करीन. बँकेतली नोकरी करणारी मुलगी, हिंदी मुलखात वाढलेली, मराठी बोलता बोलता हिंदीत उतरणारी. पण चांगलं गाते, आणि हट्टी आहे. समितीनं मान्य केलं. अडचण एकच होती. सटवाजीनं दार उघडलं की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"एंडिंग बाबांनी लिहिली होती," अनुया म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मम्मीला म्हणाले होते, झालं एकदाचं लिहून. म्हणजे इथेच असणार."

पेन ड्राइव्ह का उघडत नाही ते मला लगेच कळलं. बुवांनी शेवटी नवा लॅपटॉप घेतला होता, त्यावर गिटची नवी आवृत्ती होती, २.४५.२, आणि तिच्या नव्या पद्धतीनं त्यांनी सगळं बांधून ठेवलं होतं. लॅपटॉप पुढे बंद पडला. घरच्या या कॉम्प्युटरवर जुनी लिनक्स प्रणाली होती आणि तिच्यावरच्या जुन्या गिटला ती नवी बांधणी ओळखता येत नव्हती. गूढ काही नाही. आवृत्ती बदलायची, बस्स. त्याहून नव्या आवृत्त्या आल्या होत्या, पण मी बुवांचीच घ्यायची ठरवलं. साथ करणाऱ्यानं आपली पट्टी लावू नये.

मोबाइलचं इंटरनेट जोडून मी त्या आवृत्तीचा मूळ कोड उतरवला, लागणारी अवजारं बसवली आणि आज्ञा दिली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. काकू मेथी घेऊन खाली आल्या.

"काय करतोय रे हा?"

"घडवतोय काकू. तयार आणलेलं नाही, इथेच घडवायचं."

"मूर्तीसारखं?"

"तसंच."

काकूंनी आत जाऊन हळदकुंकू आणलं आणि कॉम्प्युटरच्या डब्याला बोट लावलं. अनुया हसली, "मम्मी, व्हायरस के लिए भी नारियल फोड़ दो." मी हसलो नाही. खरं तर मला बरं वाटलं.

काम झालं. आवृत्ती विचारली तर यंत्रानं जुनाच आकडा सांगितला. असं होतं. जुनी वाट यंत्राच्या लक्षात राहिलेली असते, ती विसरायला सांगावी लागते. सांगितली. मग २.४५.२ दिसलं आणि पेन ड्राइव्ह उघडला.

बुवांचे सगळे मुक्काम समोर आले. शेवटचा, गेल्या दत्तजयंतीच्या सकाळचा. त्यापुढे बुवांनी लिहिलं होतं: "शेवट लिहिला."

अनुयानं माझा खांदा धरला. मी आख्यान उघडलं. शेवटची ओळ होती, "सटवाजीनं अडसराला हात घातला." त्याखाली काही नाही.

त्या मुक्कामात काय बदललं ते पाहिलं. काहीच बदललं नव्हतं. रिकामा मुक्काम. असा करता येतो, पण मुद्दाम करावा लागतो; चुकून होत नाही. अनुयाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "शोधू अजून. बुवा असे सोडून जाणारे नाहीत."

आणि निघताना सवयीनं एक केलं. आख्यानाच्या माथ्यावर 'श्री' नव्हता. आमच्या घरांत श्रीवाचून कागद सुरू होत नाही. मी तो घातला आणि मुक्काम करायला गेलो. नव्यानं बसवलेलं गिट पहिल्या मुक्कामाला अडतं आणि विचारतं: आधी तुम्ही कोण आहात ते सांगा.

माझं नाव लिहायला बोट उचललं आणि जमेना. बुवांच्या आख्यानावर माझं नाव? शिष्यानं गुरूच्या पदाला आपली नाममुद्रा लावावी तसं ते. मी लिहिलं, गजानन. गिटनं मान्य केलं. अनुया तेव्हा चहा आणायला गेली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही; सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा ऑफिसात फोन आला.

"दादा, थँक्यू! थोडंसंच आहे, पण एकदम बाबांसारखं लिहिलंत."

"काय लिहिलं?"

"एंडिंग. आत्ता लंचला घरी आले, तर उघडून पाहिलं."

मी स्कूटर काढली. सीपरी बाजारातल्या ऑटोंच्या गर्दीत दोनदा कोणाला तरी घासता घासता वाचलो. पोचलो तर ती बँकेत परत गेलेली. काकूंनी दार उघडलं आणि पुन्हा देवाशी जाऊन बसल्या.

अडसराच्या ओळीखाली नव्या ओळी होत्या. मुक्कामावर नाव गजानन. ते असणारच, आता या यंत्रावर कोणीही लिहिलं तरी तेच नाव लागणार. ओळी अशा होत्या:

"'कोण आहे?' सटवाजीनं विचारलं. बाहेरचा म्हणाला, 'आत कोण आहे, ते आधी सांग.' सटवाजीनं आपलं नाव सांगितलं नाही, धन्याचं सांगितलं. बाहेरचा हसला. 'मग मी आतच आहे. उघड.'"

खोलीत ऊन होतं, बाहेर तिळाची गजक विकणारा ओरडत गेला, सगळं रोजच्यासारखं चाललेलं. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत बसलो, परत उठलो.

"काकू, इथे कोणी आलं होतं?"

"कोण येणार? मी इथेच आहे की."

"कॉम्प्युटर कोणी लावला होता?"

"मला काय त्यातलं कळतंय? पंखा लावल्यासारखा आवाज येत होता सकाळी. म्हटलं, लिहीत असतील." एवढं बोलून त्या वात वळायला लागल्या. कोण लिहीत असतील, ते मी विचारलं नाही.

अनुया असावी, असं मी मनाला समजावलं. पण तिचं लिखित मराठी मला माहीत होतं. 'सटवाजी ने अपना' अशी सुरुवात केली असती तिनं. संध्याकाळी फोनवर विचारलं तर चिडली. "दादा, मला लिहिता येत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? तुम्हीच लिहून विसरलात का?" त्या रात्री मीही तेच विचारत पडून राहिलो.

सकाळी जाऊन मी कीबोर्ड काढून घेतला. यंत्राला इंटरनेट तर नव्हतंच. कीबोर्ड स्कूटरच्या पुढ्यात अडकवून ऑफिसकडे निघालो. वाटेत सीपरी बाजारात मुकेशचं दुकान. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, प्रिंट काढून देतो, आणि आल्यागेल्याची चेष्टा करतो.

"क्या मकरंद जी, कीबोर्ड को हवा खिलाने लाए हो?"

"मुकेश भैया, बिना कीबोर्ड के कोई टाइप कर सकता है?"

"हमारी घरवाली तो बिना मुँह खोले डाँट लेती है." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तबियत ठीक है? बैठो, चाय पियो." बसवेना. पाय आपोआप हलत होते. चहा अर्धा टाकून निघालो.

कीबोर्ड त्या रात्री माझ्या घरी होता, कपाटात. दुसऱ्या दिवशी परत नेऊन जोडला आणि आख्यान उघडलं.

"सटवाजीनं अडसर काढून घरी नेला, कपाटात ठेवला आणि निजला. अहो श्रोते, अडसर घरी नेल्यानं दरवाजा बंद राहतो का?"

अहो श्रोते. हे बुवांचं. विनोदाआधी ते असं म्हणत आणि माझ्याकडे बघत.

मी ती आवृत्ती काढून टाकायला बसलो. मूळ कोडासोबत आज्ञांची फाइल असते. तिच्यात बसवण्याची आज्ञा आहे. काढण्याची नाही. हे मला आधीपासून माहीत असायला हवं होतं. ते तसंच असतं, दोष कोणाचा नाही. एकेक फाइल हातानं शोधून पुसता आली असती. मी सुरुवात केली तोच काकू दारात उभ्या राहिल्या.

"काय काढतोयस?"

"नको ते काकू. काहीतरी बरोबर नाहीये."

"मकरंदा, तू इतकी वर्षं कीर्तनात बसलास. चालू कीर्तनातून कोणी उठतं का?"

त्या रागावल्या नव्हत्या. समजावत होत्या, पोराला समजवावं तसं. मी हात मागे घेतला.

राहिलं नाव. माझी चूक तिथे झाली होती, निदान ती तरी सुधारावी. 'तुम्ही कोण' यापुढे मकरंद लिहायला लागलो आणि पहिलं अक्षर लिहून थांबलो. बाहेरच्यानं विचारलं, आत कोण आहे, तर उत्तर माझं नाव असणार होतं. मी भित्रा माणूस नाही. रुळांवर एकटा हिंडून केबल दुरुस्त केली आहे. पण ते अक्षर मी पुसलं.

तेवढ्यात अनुया बँकेतून आली. तिला सगळं सांगितलं. कीबोर्डचं, नावाचंही. तिनं पडद्यावरच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या.

"माझं नाव घाला," ती म्हणाली.

"अनुया—"

"दादा, बाबा असतील तर मला भीती नाही. नसतील तरी कीर्तनाला मीच उभी राहणार आहे ना? आणि दरवाजा कोणीतरी उघडायलाच पाहिजे. मम्मी एक वर्षापासून त्या चिपळीसमोर बसलीय. तुम्ही पाहिलंय ना तिला?"

मी पाहिलं होतं. मी अनुयाचं नाव घातलं.

त्यानंतर एकही नवी ओळ आली नाही. मी रोज जाऊन बघत होतो. शेवट नव्हताच, आख्यान अडसरापाशी येऊन त्या श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नावर थांबत होतं. अनुया म्हणाली, "जितकं आहे तितकं सांगेन. पुढे जे होईल ते." मुकेशकडून तिनं प्रिंट काढून घेतला.

दत्तजयंतीला दिवेलागणीच्या आधीच मंदिर भरलं. आमची मराठी घरं होती, आणि शेजारपाजारची हिंदी माणसंही. गार फरशीवर सतरंज्या. मी माझा फोन रेकॉर्डिंग लावून काकूंजवळ ठेवला. त्या गादीच्या डाव्या बाजूला, खांबाला टेकून बसल्या होत्या. शेजारी कोणी नव्हतं.

अनुया छान उभी राहिली. मध्येच "मतलब" म्हणाली तेव्हा मंडळी मायेनं हसली. पूर्वरंग झाला. बुक्का लागला, हार पडला. आख्यान लागलं.

"सटवाजीनं अडसराला हात घातला," ती म्हणाली, आणि तिचा हात वर गेला.

ती थांबली.

मी पेटीवर सूर धरून ठेवला. तबलजीनं माझ्याकडे पाहिलं. प्रिंट तिच्या हातातून सतरंजीवर पडला.

मी सूर सोडला नाही.

मग पुढचं सुरू झालं.

मला एवढं आठवतं की माझे हात चालत होते आणि ते कुठे जाणार हे मला आधीच कळत होतं. लोक हसले. पुढे बसलेल्या आजोबांनी उपरण्यानं डोळे पुसले. ओवीमागून ओवी आली, एकाही शब्दात हिंदी नव्हतं. मग सगळे एकदम उभे राहिले आणि आरती झाली.

आरती झाली. वर्षानं.

मी पेटीचा भाता लावला तेव्हा अनुया बायकांच्या रांगेत, शाल गुंडाळून बसलेली होती.

"तू इथे कधी आलीस?"

"मी तर केव्हाची इथेच आहे, दादा. अडसरापाशी मला काही सुचेना. तुम्ही पेटी थांबवली नाहीत, म्हणून मी बसून ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"एंडिंग." तिचा चेहरा एवढा शांत मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"काय आहे शेवट?"

तिनं सांगायला तोंड उघडलं. मग कपाळाला आठी पडली. "आत्ता तर होता."

समितीचे अध्यक्ष पाठीवर थाप मारत आले. "पोरीनं शेवट काय केला, वा!" मी विचारलं, काय केला? "अरे, सटवाजी दरवाजा..." ते थांबले, मफलर नीट केला आणि म्हणाले, "तू होतास ना पेटीवर?"

दुसऱ्या दिवशी मी प्रेम नगरला काकूंकडे गेलो. देवापुढची चिपळी फडक्यात बांधून ठेवलेली होती. कॉम्प्युटर लावला. मुक्कामांत शेवटचा होता माझा, 'श्री' घातल्याचा. त्यानंतरचे नव्हते, जणू कधी झालेच नव्हते. आख्यान अडसरावर संपत होतं. काकू स्वयंपाकघरात पुरणाचं काहीतरी करत होत्या आणि गुणगुणत होत्या. मी यंत्र बंद केलं.

रेकॉर्डिंग मी घरी येऊन ऐकलं.

अडसराच्या ओळीपर्यंत अनुयाचा आवाज स्वच्छ आहे. त्यानंतर फक्त माझी पेटी आणि तबला. पेटी जागा देते, थांबते, कोणाची तरी ओळ संपायची वाट बघते आणि नेमकी त्यानंतर भरते. त्या थांबलेल्या जागांत काही नाही. काही नाही तिथे लोक हसतात. काही नाही तिथे "विठ्ठल विठ्ठल" चढत जातो. मध्ये एकदा अनुया खोकते, लांब, बायकांच्या रांगेतून.

पुढे आरती. मग सतरंज्या गोळा करतात, चपला शोधतात, आवाज पांगत जातात. मी फोन उचलायला आलेलो नाही अजून.

मग फोनच्या अगदी जवळ, हलक्या आवाजात, काकू म्हणतात, "दमलात ना? घ्या, पाणी घ्या."

थोडा वेळ शांत जातो. मग फुलपात्र फरशीवर ठेवल्याचा आवाज येतो. रिकाम्या फुलपात्राचा.